दाजींच्या उंचीची सीट

किरणचा फोन आला तेव्हा मी एका आजींच्या नाकावर नवा चष्मा बसवून बघत होतो. किरण माझा भाचा. द्राक्षांचा सीझन चालू असताना त्या घरातून दिवसा कुणाचा फोन येत नाही, बोलायला सवडच नसते. त्यामुळे स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं तेव्हाच माझा हात थबकला. "मामा, अप्पा प्लॉटमध्ये पडले," एवढंच तो म्हणाला. मग फोनवर नुसते आजूबाजूचे आवाज येत राहिले, मजुरांचे, ट्रॅक्टरचे, कुणीतरी पाणी मागत होतं... दवाखान्यात नेईपर्यंतही काही उरलं नव्हतं, हे नंतर कळलं.

माणूस गेल्याचं ऐकलं की आधी दुःख होत असेल. मला आधी राग आला, आणि आज इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. नाशिकमधल्या माझ्या दुकानाचं शटर ओढून मी दिंडोरी रोडला लागलो आणि अख्खा रस्ताभर दाजींशी भांडत गेलो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, किरणचे अप्पा. द्राक्षबागायतदार, उंचेपुरे, आवाज मोठा आणि हट्ट त्याहून मोठा. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं सायकलवर होतो. त्यांच्या घराअलीकडच्या साध्या चढावर ते उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. एक हात छातीवर. विचारलं तर म्हणाले, रात्री हरभऱ्याची उसळ जास्त झाली. मी त्यांना जवळजवळ ओढतच नाशिकला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी लगेच करून घ्या. दाजींनी त्यांच्याशी व्यापाऱ्याशी करावी तशी घासाघीस केली. एप्रिलमध्ये करू म्हणाले, तवर गोळ्या द्या. जानेवारीत मी पुन्हा वेळ घेऊन ठेवली. त्या दिवशी दाजी आले नाहीत. डॉक्टरांकडे द्राक्षांची पेटी आली, वर चिठ्ठी नाही, काही नाही. फोन केला तर म्हणाले, "माल निघू दे रे विजू. ऑफ सीझनला सगळं करू."

या माणसाचं सगळंच ऑफ सीझनला असायचं. दात काढायचा, ऑफ सीझनला. घराला रंग, भावकीतला समझोता, गुडघ्याचं दुखणं, सगळं त्या जून-जुलैच्या चिंचोळ्या फटीत कोंबलेलं. द्राक्षवाल्याचं वर्षच तसं असतं म्हणा. ऑक्टोबरची छाटणी झाली की माणूस बागेला बांधला जातो, जानेवारीपासून तोडा, तो संपतो न संपतो तोच एप्रिलची छाटणी. या सगळ्यात आभाळाची धास्ती वेगळीच. धुकं पडलं की रोग, पाऊस पडला की मणी तडकतात. लग्नाच्या पंगतीत बसलेले असले तरी दाजींचं लक्ष पानापेक्षा मांडवाच्या फटीतून दिसणाऱ्या ढगावर असायचं. माझ्या लेकीच्या साखरपुड्याला ते अंगठी घालण्याआधीच उठून गेले होते, दिंडोरीकडे वीज चमकली म्हणून. जून आला, वेलींच्या काड्या बऱ्या तयार व्हायला लागल्या, की मग हा माणूस मोकळा व्हायचा आणि नेमका तेव्हाच सगळं जग पाऊस आहे म्हणून घरात बसलेलं असायचं.

सायकलचं वेड त्यांना उशिरा लागलं. रविवारी सकाळी त्यांच्या प्लॉटवरून शहरातले सायकलवाले रंगीत कपडे घालून जायचे. दाजींनी ते बरेच दिवस पाहिलं आणि एकदा मला विचारलं, की ही लोकं जातात कुठं? मी म्हटलं, कुठंही नाही, जातात आणि परत येतात. हे त्यांना फार बिनकामाचं वाटलं. तरी सेकंडहँड गिअरची सायकल घेतलीच, मलाही घ्यायला लावली, आणि मग जाहीर केलं की आपण परत यायला निघायचं नाही, आपण रस्ता संपेपर्यंत जायचं. रस्ता कुठं संपतो? पाण्याला. म्हणून पहिल्या वर्षी आम्ही कोकणात गेलो, खाडीमागून खाडी, प्रत्येक खाडीला बोट. जूनमध्ये. लॉजवाल्यांनी खिडक्यांना निळा प्लॅस्टिकचा कागद मारलेला, खानावळी बंद, अंगावरचा कपडा तीन दिवसांत वाळला नाही. एका खाडीवर पोचलो तर वाऱ्यामुळे बोट बंद. मी आधीपासून सांगत होतो, फोन करून विचारू या. त्यांनी विचारू दिलं नव्हतं. विचारलं तर नाही म्हणतील, आणि मग आपण निघणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. मी धक्क्यावरच्या शेडमध्ये भिजलेले मोजे पिळत बसलो आणि मनातल्या मनात ताईच्या नशिबाला बोल लावला. दाजी मात्र लाकडी बाकावर आडवे होऊन झोपी गेले. भरदुपारी, उघड्यावर, चांगले घोरत. सीझनमध्ये मी त्यांना धड बसलेलंही कधी पाहिलं नव्हतं. उठल्यावर म्हणाले, इथं बरंय, आपल्या हातात काहीच नाय. मला ते तेव्हा अजिबात पटलं नाही. आपल्या हातात फोन करणं होतं.

त्या सफरीतून आल्यावर मी त्यांना बजावलं होतं, की सायकल खाऱ्या वाऱ्यात हिंडली आहे, गोड्या पाण्यानं धुवा, सीटची नळी काढून ग्रीस लावा. एकदा नाही, चारदा बजावलं असेल. पण आल्या आल्या बागेत डावणी रोग दिसला, फवारणी निघाली, आणि सायकल तशीच पॅकिंग शेडच्या कोपऱ्यात गेली. पुढच्या वर्षी बाहेर काढली तर सीटची नळी आत गंजून अशी बसली होती की हलायचं नाव नाही. खोबरेल तेल झालं, डिझेल झालं, ट्रॅक्टरच्या मिस्त्रीनं हातोडी मारून पाहिली. ती वर जाईना की खाली येईना. दाजी म्हणाले, बरं झालं, माझ्याच उंचीवर अडकलीय, कुणी मागायला नको. सायकल खोक्यात भरायची तर आता सीट निघत नव्हती. मग त्यांनी द्राक्षांच्या पेट्यांचे पुठ्ठे जोडून मोठा खोका केला, वरच्या बाजूला भोक पाडलं, आणि त्यातून सीट बाहेर काढली. बाग बांधायच्या सुतळीनं त्याला अशा गाठी मारल्या की नुसत्या हातानं त्या सुटायच्याच नाहीत. मनमाडच्या पार्सल ऑफिसात तो खोका लोक वळून वळून बघत होते. मला लाज वाटत होती. दाजी तिथल्या बाबूला समजावत होते, की सीटला हवा लागावी म्हणून ठेवलीय.

ते गेल्या वर्षीचं. त्या वेळी आम्ही अंदमानला निघालो होतो. पाण्यानं रस्ता संपतो तिथं पुढं आणखी एक रस्ता असतो, असं दाजींना कुणीतरी सांगितलेलं. मनमाडहून चेन्नई, तिथून जहाज. मला जहाज लागलं, त्याचं वर्णन नको. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक, हॅवलॉकहून नील, आणि शेवटी दक्षिणेला एकटं पडलेलं छोटं अंदमान बेट, तिथला हटबेचा धक्का, असा बेत होता. हटबेचा हट्ट खरं तर माझा. शाळेच्या नकाशात अंदमानच्या ठिपक्यांतला तो सुटा ठिपका मी लहानपणापासून बघत आलोय. बाकी सगळं तुमच्या मनाचं, हे एक माझं, असं मी दाजींना आधीच बजावलं होतं. त्यांनी मान डोलावली होती.

हॅवलॉकला जाणाऱ्या बोटीवर सगळे प्रवासी आत काचेमागे बसले होते. दाजी वर डेकवर, पावसात, सायकलींजवळ उभे. मी छत्री घेऊन त्यांना आत आणायला गेलो. वाऱ्यानं छत्री उलटी झाली. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं आणि हा माणूस हसत होता. म्हणाले, "वरीसभर ह्याच्या नावानं माझ्या पोटात गोळा येतो, विजू. रात्री पत्र्यावर टपटप झालं का उठून बसतो. आता पडू दे म्हणावं किती पडायचं ते. इथं माझं काय वाकडं करणार हाय हा?" मी तिथंच उभा राहिलो. त्यांना पाऊस आवडतो हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. कदाचित त्यांनाही नसावं. आजही आमच्याकडे आभाळ भरून आलं की मला तो डेक आठवतो आणि बरं वाटता वाटता पुन्हा संताप येतो, की अहो, एवढं आवडत होतं तर डिसेंबरात नीट डॉक्टरांच्या त्या टेबलावर झोपायचं होतं ना...

नील बेट लहानसं, सपाट, हिरवं. सायकलनं या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला मजा येते. हॉटेलं निम्मी बंद, किनारा रिकामा, आणि आम्ही दोघं भिजलेले. दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणून धक्क्यावर गेलो तर समुद्र खवळल्यामुळे बोट रद्द. मी हिशेब करून बघितला, अजून हटबेला वेळ होता. पण धक्क्यावर आमच्याशिवाय आणखी एक गोष्ट अडकली होती, भाजी. त्या बेटावर भाजी पिकते हे मला माहीत नव्हतं. काकड्या, वांगी, भोपळे, पोती आणि टोपल्या भरून पोर्ट ब्लेअरच्या बाजारासाठी आणलेलं सगळं तिथं पडून होतं, आणि एक बंगाली शेतकरी त्याच्या शेजारी उकिडवा बसून समुद्राकडे बघत होता. मी दाजींकडे पाहिलं आणि समजलो, आमची सुट्टी संपली. त्यांच्या चेहऱ्यावर मार्च महिना आला होता.

पुढचे काही दिवस आम्ही काय केलं, तर परक्या माणसाची काकडी वाचवली. दाजींनी पोती सोडून माल मोकळा केला, खाली फळ्या, मध्ये हवेला जागा, वर केळीची पानं. त्या शेतकऱ्याला मराठी येत नव्हती, दाजींची हिंदी कुणालाच समजत नव्हती, तरी दोघांचं तासन्‌तास चालायचं. सकाळ-संध्याकाळ दाजी धक्क्यावर, खराब काकड्या निवडून बाजूला काढत. मध्येच एका सकाळी बोट सुटणार होती, पण तिच्यावर आधी माणसं घेणार आणि जागा उरली तर माल. आमची तिकिटं होती. मी सायकल घेऊन रांगेत उभा राहिलो. दाजी आलेच नाहीत. बघतो तर बोटीवरच्या माणसाशी हातवारे करून सांगतायत, की आम्हा दोघांना आणि आमच्या सायकलींना राहू द्या, तेवढ्या जागेत याच्या टोपल्या बसतात. मी तिथं सगळ्यांदेखत आवाज चढवला. म्हटलं, माझं हटबे जातंय, आपण इथं भाजी विकायला आलोय का? दाजींनी माझ्या सायकलचं हँडल धरलं आणि शांतपणे म्हणाले, "माल थांबत नाय, विजू. बेट थांबतं. पुढच्या ऑफ सीझनला जाऊ." टोपल्या गेल्या. आम्ही मागे राहिलो, परतीचं जहाज गाठायची वेळ आली आणि हटबे राहिलं. येताना जहाजावर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते चेन्नई आल्यावर लक्षात आलं.

बेट थांबतं म्हणाले. बेट थांबलंय, दाजी. अजून तिथंच आहे.

या जूनला हटबेला जायचं नक्की होतं. इतकं नक्की की सीझनमध्ये हात रिकामा होणार नाही म्हणून दाजींनी जानेवारीतच दोन्ही सायकली खोक्यात बांधून टाकल्या. माझीही. मी म्हटलं, अहो, मला रोज सकाळी गंगापूर रोडला फिरायला लागते ती. तर म्हणाले, पायी फीर, तब्येतीला चांगलं. ज्याला चार पावलं चढ चढवत नव्हता तो मला तब्येतीचं सांगत होता. आमची शेवटची भेट तीच. पॅकिंग शेडमध्ये बायका पेट्या भरत होत्या, दाजी दातांत सुतळी धरून गाठ आवळत होते. मी पुन्हा डॉक्टरांचा विषय काढला, तर तोंडात सुतळी असल्यामुळे बोलता येत नाही अशी खूण केली.

दहनाला आलेल्या कितीतरी लोकांच्या खिशात तोडणीच्या कात्र्या तशाच होत्या. आणि तिसऱ्या दिवशी मी गेलो तर बागेत तोडा चालू. कंटेनर ठरलेला होता, आभाळ भरत होतं, पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी पुढच्या गावाला बोलावली गेली होती. हे सगळं मला समजत होतं. तरी डोक्यात राख गेली. ताई पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहून घड निवडत होती, पदर कमरेला खोचलेला, डोळे सुजलेले. मी तिला म्हटलं, चार दिवस तरी थांबायचं होतं. तिनं घडातला एक तडकलेला मणी कात्रीनं काढला. "माल थांबत नाय, विजू," ती म्हणाली. "ते असते तर तेंनी बी हेच केलं असतं." माझी ही बहीण सिन्नरची, माझ्यासारखीच शहरी शाळेत शिकलेली, पण इतक्या वर्षांत तिची बोली पार तिकडची झाली आहे. आणि त्या दिवशी तर ती नवऱ्याच्याच शब्दांत बोलत होती. मी पेट्या उचलायला लागलो. दुसरं काय करणार होतो?

ताईबद्दल एक सांगायला हवं. मला सायकल तिनं शिकवली. सिन्नरला आमच्या वडिलांची, अण्णांची, उंच काळी सायकल होती, तिच्या सीटवर बसलं तर आम्हा कुणाचे पाय पॅडलला टेकत नसत. ताई ती उभ्यानं चालवायची. पॅडलवर उभी राहून, वेण्या उडवत, मागे कॅरिअरवर मी, हँडलला दुधाची किटली, आणि अख्ख्या रस्त्यात ती एकदाही बुड टेकायची नाही. लग्नानंतर मी तिला सायकलवर पाहिलं नाही. आम्ही दोघं कोकणात आणि अंदमानात भिजायला गेलो तेव्हा बागेकडे बघायला घरी कुणीतरी लागायचंच. ते कुणीतरी म्हणजे ताई. एका वर्षी मी तिला चल म्हटलं होतं. दाजींनी परस्पर उत्तर दिलं, पुढच्या ऑफ सीझनला नेऊ.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला, की शेड रिकामी करायची आहे, तुझी सायकल घेऊन जा. मी गेलो. दोन्ही खोके भिंतीला उभे होते, एकातून सीट वर डोकावत होती. एप्रिलची छाटणी उरकलेली, शेडमध्ये कुणी नाही, पुठ्ठ्यांचा आणि वाळक्या पानांचा वास. मी माझ्या खोक्याची गाठ सोडवायला बसलो. नखं दुखायला लागली तरी सुटेना, शेवटी कात्रीनं सुतळी कापली, आणि कापली म्हणून वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा चिडलो. ताई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, दुसरा पण सोड. मला वाटलं, कुणाला तरी द्यायची असेल. सोडला. चाक बसवलं, हवा भरली. मग तिनं विचारलं, की ही सीट जरा खाली घेता येईल का, माझ्या मापाची.

मी हातातला पंप खाली ठेवला. ती म्हणाली, किरण बागेचं बघेल, त्याला सांगितलंय. हटबे का काय ते तुमचं राहिलंय ना, मी येते. मी तिला सगळं सांगितलं. जूनमध्ये समुद्र खवळलेला असतो, बोट निघेल की नाही याचा भरवसा नसतो, कपडे वाळत नाहीत, जहाज लागतं. "नाय निघाली बोट तर बसू धक्क्यावर," ती म्हणाली. "ते सांगायचे, तिथं झोप लय छान लागती."

मग आम्ही दोघांनी मिळून सीटशी झटापट केली. बोल्ट ढिला केला. तेल सोडलं. तिनं सायकल धरली, मी सीट दोन्ही हातांनी पिळली, मग मी धरली आणि तिनं पिळली. बाहेरून लाकडाचा ठोकळा आणून ठोकलं. घाम आला. सीट होती तिथं होती. दाजी गेले, बाग उतरली, सीझन संपला, आणि हा एक हट्ट शेडमध्ये तसाच्या तसा उभा. माझा इतक्या दिवसांचा राग एकदम वर आला. मी ठोकळा फेकून दिला आणि म्हटलं, मेलं तरी ऐकायचं नाही म्हणजे काय. बोलून गेल्यावर माझं मलाच रडू आलं. ताईनं मला रडू दिलं. मग पदरानं सीटवरची धूळ पुसली, पदर कमरेला खोचला आणि सायकल अंगणात घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "अण्णांच्या सायकलवर तरी मी कवा टेकले व्हते?"

आधी दोनदा डगमगली. एकदा पाय टेकवला. मग पॅडलवर उभी राहिली आणि शेडला वळसा घालून बागेच्या कडेकडेनं निघाली, पाठीमागे ती सीट दाजींच्याच उंचीवर, रिकामी. मी मागून ओरडून सांगितलं, की ताई, तिकडून आल्यावर मात्र ही गोड्या पाण्यानं धुवायची. तिनं ऐकलं नाही.